जुना ट्रॅक्टर, जुनी गाडी: इंजिन ऑइल कोणतं घालायचं?



उन्हाळ कांद्याची काढणी जवळ आली. चाकण मार्केटला माल न्यायच्या आधी आजचा संदेश पूर्ण वाचा. पाच मिनिटं लागतील.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाची जुनी डिझेल गाडी भरल्या मालासकट रस्त्यात बंद पडली. डिझेल होतं, रेडिएटरमध्ये पाणी होतं. चूक ऑइलची होती. "सगळ्यात महाग ऑइल टाका, इंजिन नव्यासारखं होईल" असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी नव्या पेट्रोल कारचं पातळ ऑइल भरलं. जुन्या सीलमधून ते झिरपत राहिलं. ऑइलचा लाल दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे लेव्हल उतरलेली कळली नाही. बेअरिंग गेलं, इंजिन उघडावं लागलं आणि कांदा दुसऱ्याच्या गाडीतून भाडं देऊन न्यावा लागला.

आपल्या पट्ट्यात जुन्या गाड्या भरपूर आहेत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची (आताची फोर्स मोटर्स) मॅटाडोर, टेल्कोचा १९८६ साली आलेला ४०७, बजाजची चेतक आणि गोठ्याशेजारी उभा असलेला वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर. ही इंजिनं दणकट आहेत. त्यांना महाग नाही, *योग्य* ऑइल लागतं.

*डब्यावर काय वाचायचं?*

*१) एस की सी?*
डब्यावर इंग्रजीत एपीआय असं लिहून पुढे अक्षरं असतात. एस ने सुरू होणारं (उदा. एसएन) पेट्रोल इंजिनसाठी. सी ने सुरू होणारं (उदा. सीआय-४) डिझेलसाठी. डिझेल इंजिनात काजळी जास्त होते. ती धरून ठेवायची ताकद डिझेलच्या ऑइलमध्ये असते. काही डब्यांवर दोन्ही लिहिलेलं असतं, ते डिझेलला चालतं. नुसतं एस असेल तर डिझेल गाडीत घालू नका.

*२) नवा दर्जा जुन्याला चालतो का?*
सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. पुस्तकात सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलं असेल आणि दुकानात ते मिळत नसेल, तर सीआय-४ घाला. उलटं करू नका. सीआय-४ मागणाऱ्या इंजिनात सीएफ-४ नको.

*३) १५डब्ल्यू-४० म्हणजे काय?*
पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा. १५डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांच्या थंडीत तपासलेलं असतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा तेवढी थंडी नसते. म्हणून जुन्या इंजिनाला ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं पातळ ऑइल घेऊन जास्तीचे पैसे घालवायचं कारण नाही. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सापडेल. *शेवटचा शब्द मात्र पुस्तकाचा.*

*या चुका टाळा*

❌ *एकच डबा सगळ्या गाड्यांना.* घरी जुना ट्रॅक्टर आणि २०२० नंतरचा बीएस-६ पिकअप दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. जुन्या पद्धतीच्या ऑइलची राख त्यात साठून तो चोंदतो. त्या गाडीला कमी राखेचंच ऑइल लागतं.

❌ *सुटं ऑइल.* भोसरी-चाकण भागात कारखाने आहेत, त्यामुळे बॅरलमधलं सुटं ऑइल स्वस्तात मिळतं. हायड्रॉलिकचं किंवा मशिनचं ऑइल हाताला गुळगुळीत लागतं, पण त्यात काजळी आणि आम्ल सांभाळणारी द्रव्यं इंजिनच्या हिशोबाने नसतात. सीलबंद डबा घ्या, पक्कं बिल घ्या. रिकामा डबा फाडून टाका, म्हणजे त्यात पुन्हा बनावट ऑइल भरलं जाणार नाही.

❌ *मोटारसायकलला कारचं ऑइल.* चार-स्ट्रोक मोटारसायकलचा क्लच बहुतेक त्याच ऑइलमध्ये फिरतो. कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए बघा. जुन्या दोन-स्ट्रोक चेतकची गोष्ट वेगळी. तिला पेट्रोलमध्ये २टी ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण साधारण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली.

❌ *धूर झाकायला जाड ऑइल.* निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पुस्तकात परवानगी असेल तेवढंच जाड घ्या. त्यानेही थांबलं नाही तर मेकॅनिकला दाखवा.

*डिपस्टिक काय सांगते?*

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून परत घाला, मग बघा.

• दोन खुणांच्या मध्ये: ठीक.
• वरच्या खुणेच्या वर: जास्त झालं. फेस होऊन दाब कमी होतो. काढून टाका.
• काळं: डिझेलमध्ये हे लवकर होतं. नुसत्या रंगावरून ऑइल बदलू नका.
• दुधाळ, चहासारखं: ऑइलमध्ये पाणी शिरलंय. *गाडी चालवू नका.*
• लेव्हल आपोआप वाढलेली आणि डिझेलचा वास: डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. *गाडी चालवू नका.*

*ऑइल कधी बदलायचं?* पुस्तकातल्या तासांवर किंवा किलोमीटरवर, दोन्ही भरत नसतील तरी वर्षातून एकदा. उभ्या गाडीतही ओलावा धरतो. फिल्टर त्याच वेळी बदला. बरीच वर्षं हलगर्जी झाली असेल तर नवं ऑइल आतली जुनी घाण सोडवतं आणि फिल्टर लवकर भरतो. म्हणून पहिल्या वेळी ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला.

*जळकं ऑइल* बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आपली भामा आणि इंद्रायणी आधीच सोसतायत. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि परवानाधारक घेणाऱ्याकडेच द्या.

*आजच एवढं करा* 🚜

१. गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या ऑइलच्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि साल सांगून विचारा.
२. डिपस्टिक बघा आणि लाल दिवा तपासा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर आधी तो दुरुस्त करा. शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी इंजिन घालवू नका.
३. *गाडीचं नाव, साल, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर* एवढं या नंबरवर लिहून पाठवा. एकाच ग्रेडची मागणी पुरेशी जमली तर कंपनीमार्फत एकत्र खरेदी करू, सीलबंद आणि बिलासह.

संदेश घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. बहुतेक वेळा ऑइल आणायला पोरगंच दुकानात जातं. डब्यावर काय वाचायचं हे त्यालाही माहीत हवं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी