गावाच्या ताटाचं बारमाही कॅलेंडर

पीएच.डी.ची नोंदणी नुकतीच झाली, विषय शाश्वत अन्नव्यवस्था, आणि गाव मिळालं धानोरा-एटापल्लीकडचं नाहीतर नागभीड-सिंदेवाहीकडचं? मग चला, कामाला लागू. ती चाळीस प्रश्नांची प्रश्नावली मात्र बॅगेतच राहू द्या. आधी गाव बारा महिने काय खातं, त्याचं कॅलेंडर करायचं. सोबत घ्या: पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल (पावसात शाई पसरते), छोटा वजनकाटा, खुणांचं मापपात्र, सहा इंची पट्टी आणि जुने पेपर.

१. गावाची ग्रामसभा नेमकी कोणती, ते शोधा. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रात ग्रामपंचायत एक असली तरी ग्रामसभा गावागणिक, कधी टोल्यागणिक वेगळी असते. सरपंचांनी “या की” म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली, असं धरू नका. नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

२. एका पानाचा अर्ज लिहा. काय विचारणार, किती दिवस राहणार, कुठे छापणार आणि गावाला काय परत देणार, एवढंच. त्यातला ‘डेटा’ आणि ‘मेथडॉलॉजी’ खोडून टाका.

३. अर्ज ग्रामसभेत स्वतः वाचा. मार्गदर्शक सोबत आले तर उत्तम, पण बोलायचं तुम्हीच. मेंढा (लेखा) या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. अशा ठिकाणी एकाचीही शंका उरली तर पुढच्या बैठकीला पुन्हा यायचं. घाई दाखवलीत की काम लांबलंच म्हणून समजा.

४. ठरावाची प्रत मागून घ्या. तोंडी होकारावर जंगलात शिरू नका. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते.

५. गावातली एक जाणती बाई सोबतीण म्हणून ठरवा आणि तिची दिवसाची मजुरी आधीच कबूल करा. तुमच्यासोबत फिरली की तिचा रोज बुडतो. चहा-बिस्किटांवर भागवणं बरं नव्हे. शिष्यवृत्तीत या खर्चाची सोय नसेल तर मार्गदर्शकांशी आत्ताच बोला.

६. वहीच्या दोन पानांवर वर्ष आखा, पण जानेवारी-फेब्रुवारी लिहू नका. मोहफुलं, तेंदूपानं, पेरणी, रोवणा, कापणी असे कामांचे रकाने करा. तारखा विचारल्यात तर लोक अंदाजे सांगतील, “रोवण्याच्या वेळी भाजी कोणती?” म्हटलं की यादी संपत नाही. तेंदूच्या आणि रोवण्याच्या दिवसांत बैठक मात्र बोलवू नका, कोणी येणार नाही.

७. भाजी वेचायला गावातल्या बायकांसोबत जा. एकट्याने कधीही नाही: मोहफुलं वेचायची वेळ भल्या पहाटेची, आणि वाघाची वर्दळही तेव्हाच. “आज नको” म्हणाल्या तर आज नाहीच. काही गावांत पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, झाल्याशिवाय नवं फळ, नवं फूल तोडत नाहीत; दिसलं म्हणून हात घालू नका.

८. वेचलेल्या प्रत्येक जिनसेचं नाव घरच्या भाषेत लिहा. गोंडी, माडिया, झाडीबोली, छत्तीसगढी, जे कानावर पडेल ते तसंच. वास्ते, तरोटा, कुड्याची फुलं, कटवल ही नावं ‘शुद्ध’ करत बसू नका. शास्त्रीय नावाचा रकाना आज रिकामा ठेवा.

९. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा: पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल, फळ. मग एक फांदी पेपरात दाबा आणि पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी चढते. टेकोडे, म्हणजे अळिंबी, फोटोवरून ओळखून चाखायचं धाडस अजिबात नको.

१०. घरची मापं मोजा. पायली मोजायच्या जिनसेने भरून काट्यावर ठेवा, वाटीत पाणी भरून मापपात्रात ओता. टोपलीभर ओली मोहफुलं आणि टोपलीभर सुकी यांत फार फरक पडतो. चिठ्ठीवर ओली-सुकी लिहायला विसरलात तर ते वजन फुकट गेलं.

११. “काल सकाळपासून काय काय खाल्लं?” असं विचारा. “एरवी काय खाता?” विचारलंत की पाहुण्याला शोभेल असं उत्तर मिळतं, आणि त्यात आंबील, लाल मुंग्यांची चटणी, तळ्यातले बारके मासे हमखास गळतात. काल आठवडी बाजार होता का, तेही टिपा.

१२. बियाण्याची नोंद करताना ते राखणाऱ्याचं नाव, त्याच्या परवानगीने, पहिल्या ओळीत लिहा. एचएमटी धान नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या बांधीत निवडून काढलं होतं. असं काम कोणाच्या ओसरीवर चालू असेल, सांगता येत नाही. मूठभर बी खिशात टाकून आणू नका, मग ते कोसरीसारख्या भरडधान्याचं का असेना.

१३. आता शास्त्रीय नावं भरा. दाबलेले नमुने घेऊन गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेल्या जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग गाठा. धानाच्या जातींसाठी सिंदेवाहीचं कृषी संशोधन केंद्र आहे. नुसते फोटो नेलेत तर अर्धी नावं अडतील.

१४. कॅलेंडर मोठ्या कागदावर काढून ग्रामसभेत भिंतीला लावा. अक्षरांसोबत चित्रंही हवीत, नाहीतर ज्यांनी सांगितलं त्यांनाच वाचता येणार नाही.

१५. गाव म्हणेल ते खोडा. एखाद्या औषधी कंदाची जागा किंवा मधाची झाडं छापू नका म्हणाले, तर वहीतूनही काढा, प्रबंधातूनही. मार्गदर्शक कुरकुरले तर ठरावाची प्रत दाखवा.

१६. दुरुस्त प्रत ग्रामसभेच्या दप्तरात जमा करा आणि पोच घ्या. त्यानंतरच पहिल्या शोधनिबंधाची फाईल उघडा.