विज्ञानाच्या तासाला वाचन-लेखन: फायदा कसा तपासावा?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत चौथीला मी प्रयोगांना वाचन-लेखनाची जोड दिली आहे. मुलांना उपयोग होतोय का, हे कसे तपासू?

उत्तर : विज्ञानाची समज, शब्दसंपत्ती, वाचन आणि लेखन वेगवेगळे तपासा, एकत्रित गुणांत खरे चित्र झाकले जाते. अमेरिकेत बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समधील अशाच कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथीच्या ९४ शिक्षकांनी ‘प्रकाश’ हा विषय शिकवला: काहींनी वाचन-लेखनाची जोड देऊन, काहींनी अशी जोड न देता. समज, शब्द आणि लेखनात जोड दिलेले वर्ग पुढे गेले. वाचनात मात्र दोन्ही गटांची प्रगती सारखीच होती.

तुम्हीही आधी आणि नंतर ‘सावली लहान-मोठी का होते?’ यावर मुलांना लिहू द्या. जमल्यास अशी जोड नसलेल्या दुसऱ्या तुकडीकडूनही लिहून घ्या. उत्तरात निरीक्षण आणि कारण आहे का, ते आधी पाहा, शुद्धलेखन नंतर.