जळजळ सुरू झाली की थांबा

६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा असतो. मुंबई-ठाण्याकडचे आमचे नातेवाईक कोकण रेल्वेने वीरला उतरतात, रात्री आमच्याकडे मुक्काम करतात आणि पहाटे महाडमार्गे पाचाडला जातात. नेमका याच दिवसांत पाऊस सुरू होतो. गडावरून परतलेल्यांच्या पायांकडे माझं लक्ष आधी जातं. टाचेला, करंगळीला, अंगठ्याखाली टरारलेले फोड घेऊन कितीतरी जण लंगडत येतात.

मी स्वतः हे भोगलं आहे. एका आषाढात गड चढताना महादरवाज्याच्या बऱ्याच खाली टाच जळजळू लागली. सोबतची मंडळी पुढे निघाली होती, म्हणून मीही चालत राहिले. खाली येईपर्यंत फोड फुटला होता. त्याच आठवड्यात लावणीला चिखलात उतरले. टाच पिकली, ताप भरला. पायाला जखम आहे हे पाहून डॉक्टरांनी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) रक्त तपासायला पाठवलं. लेप्टो निघाला नाही, पण लावणी उरकेपर्यंत मला पडवीत बसून राहावं लागलं. कोकणच्या पावसाळ्यात उघडा फोड क्षुल्लक समजू नका, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. उंदरा-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून लेप्टोचे जंतू अशाच जखमेवाटे शरीरात शिरतात.

फोड येतो कसा, हे कळलं की तो टाळणं सोपं जातं. चालताना कातडी मोज्याला धरून राहते आणि आतलं हाड दर पावलाला मागेपुढे सरकतं. मधल्या थरांना ताण बसतो, ते सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. घामाने किंवा पावसाने दमट झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा मोज्याला जास्त धरते. त्यात रायगडाच्या चौदाशेहून जास्त पायऱ्या. चढताना टाच बुटात वरखाली होते, उतरताना सगळा भार बोटांवर येतो.

तयारी घरूनच करायची. नवे बूट घालून थेट गडावर जाऊ नका. आधी काही दिवस रोजच्या कामात वापरून ते पायात बसू द्या. बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सुती मोजे भिजले की भिजलेलेच राहतात. त्यापेक्षा लोकरीचे किंवा खेळाडू वापरतात तसले कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नखं कापून घ्या.

ज्या जागी नेहमी फोड येतो तिथे निघण्यापूर्वी, पाय कोरडा असताना, मायक्रोपोरची कागदी पट्टी लावा. सुरकुती राहू देऊ नका. वाळवंटातून दिवसच्या दिवस धावणाऱ्या स्पर्धकांवर स्टॅनफर्डच्या ग्रँट लिपमन यांनी हा साधा उपाय करून पाहिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. ही पट्टी महाडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये थोडक्या पैशांत मिळते.

वाटेत नाड्यांकडे लक्ष ठेवा. उतरायला लागण्यापूर्वी घोट्यापाशी त्या घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे घसरत नाही. आणि जळजळ सुरू झाली की तिथेच बसा. बूट काढा, खडा झाडा, पाय पुसा, पट्टी लावा, मोजे बदला. पाच मिनिटं लागतात. गटाचा म्होरक्या असाल तर तुम्हीच विचारा, "कुणाचा बूट लागतोय का?" मुलं आणि नवखी माणसं आपण होऊन सांगत नाहीत.

ठाण्याचा माझा भाचा एका रांगेत चाकं असलेले स्केट घालून सराव करतो. त्याच्याही घोट्याच्या आतल्या बाजूला फोड यायचे. तो बूट कडक असतो. पाय आत जरा हलला तरी हाड घासतं. बूट मापाचा घेणं, टाच मागे टेकवून मगच नाडी आणि पट्टा आवळणं, एकच पातळ, लांब मोजा घालणं आणि टोचणाऱ्या जागी आधीच पट्टी लावणं, एवढ्यावर त्याचा त्रास थांबला. चाकं असोत वा पायऱ्या, कारण एकच आहे.

तरीही फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. तीच उत्तम मलमपट्टी. लहान फोड झाकून ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर हात व जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी जाऊ द्या, व्हॅसलीन लावून स्वच्छ पट्टी बांधा. मधुमेह असलेल्यांनी हे घरी करू नये, डॉक्टरांकडे जावं. पू, पसरत जाणारी लाली किंवा ताप दिसला तर कुणीच थांबू नये. आणि जखम भरेपर्यंत शेताच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. जावंच लागलं तर गमबूट घाला.

यंदा गडावर जाल तेव्हा पिशवीत मायक्रोपोरची एक गुंडाळी आणि मोज्यांचा कोरडा जोड आठवणीने टाका, आणि सोबत्यांना निघतानाच सांगून ठेवा, की पाय जळजळला तर सगळे थांबतील.