रूळ कोणत्या गावाला जातात?

आगगाडी धावताना आपण सर्वजण पाहतो. परंतु ती ज्या मार्गाने धावते तो मार्ग कोणी ठरविला, त्यासाठी पैसा कोणी पुरविला आणि एखादे गाव त्यातून का वगळले गेले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या सीमाभागात हा प्रश्न नित्याच्या जीवनाशी निगडित आहे. बेळगावास स्टेशन आहे, कोल्हापुरासही आहे. परंतु या दोन शहरांच्या दरम्यान, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेली आणि तंबाखूच्या व्यापारासाठी दूरवर प्रसिद्ध असलेली निपाणी मात्र रेल्वेच्या नकाशावर नाही. याचा उलगडा व्हावयाचा असेल, तर लोहमार्गामागील अर्थकारण प्रथम समजून घेतले पाहिजे.

लोहमार्गाचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन आणि १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर हे मार्ग सुरू झाले. हे मार्ग सरकारने नव्हे, तर खाजगी कंपन्यांनी भागधारकांच्या पैशावर बांधले. नफा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तरी त्यांचाच, असा तेथील व्यवहार होता. हिंदुस्थानात मात्र निराळी पद्धत आली. दूरदेशी पैसा गुंतविण्यास लंडनचे भांडवलदार कचरत होते. म्हणून १८४९ च्या करारांनी त्यांना दरसाल ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली. मार्गासाठी जमीनही विनामूल्य मिळाली. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील रयतेच्या करांतून भरून निघे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी याच व्यवस्थेतून धावली. धोका एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशा या व्यवस्थेवर दादाभाई नवरोजींसारख्या अर्थचिंतकांनी कठोर टीका केली, ती यामुळेच.

आपल्या भागातील लोहमार्गाची कथा दुष्काळापासून सुरू होते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन व कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला. एका प्रांतात धान्य असूनही ते दुसऱ्या प्रांतात वेळेवर पोहोचू शकले नाही. यावर उपाय म्हणून दुष्काळी मुलखात लोहमार्ग नेण्याचे ठरले आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिलाही सरकारी हमी होतीच. खर्च कमी यावा म्हणून तिने मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग पत्करला. १८८७ ते १८९० या सुमारास लोंढ्याहून बेळगाव, घटप्रभा, कुडची, मिरज असे करीत हा मार्ग पुण्यास जाऊन मिळाला. तो निपाणीच्या बऱ्याच पूर्वेकडून गेला. त्यावरील एका स्टेशनाचे नावच 'चिकोडी रोड' आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड' याचा अर्थ असा की, गाव येथून दूर आहे. पुढचा रस्ता तुमचा तुम्ही तुडवावा.

मार्ग एकदा ठरला की उद्योगही त्याच्या मागोमाग जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या व्यवसायाचा प्रारंभ बेळगावात केला. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंधच्या अधिपतींनी त्यांना जमीन दिली, ती कुंडल रोड स्टेशनाजवळची. १९१० साली त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि पुढे स्टेशनच किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. लोखंड, कोळसा यांसारखा जड माल आणावयाचा आणि नांगर देशभर पाठवावयाचे, तर रूळ दाराशी असणे किती अगत्याचे होते, हे यावरून ध्यानी येईल.

कोल्हापूरचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. मुख्य मार्ग मिरजेवरून गेला, कोल्हापूर बाजूला राहिले. तेव्हा कोल्हापूर दरबाराने स्वतःचे द्रव्य खर्चून मिरजेपर्यंतचा फाटा बांधविला आणि १८९१ साली तो खुला झाला. ज्या प्रदेशाने आपला वाटा उचलला, त्याला मार्ग मिळाला.

स्वस्तात केलेल्या कामाची किंमत मात्र पुढील पिढ्यांना मोजावी लागते. मीटर गेजवरील डबे ब्रॉड गेजवर धावू शकत नाहीत, कारण तेथे रुळांतील अंतर १.६७६ मीटर असते. मुंबईस जाणाऱ्या बेळगावकराला पूर्वी पुण्यास गाडी बदलावी लागे. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाल्यावर हा बदल मिरजेस करावा लागू लागला. तेथे प्रवासी उतरत आणि माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढविला जाई. मिरज-लोंढा मार्गाचे रूपांतर १९९० नंतरच्या दशकात झाले, तेव्हा हा त्रास संपला.

अलीकडच्या काळात या मार्गावर पुन्हा मोठी गुंतवणूक झाली आहे. लोंढा-बेळगाव-घटप्रभा या टप्प्याच्या दुहेरीकरणास सुमारे ९३० कोटी रुपये लागले, तर बेळगाव स्टेशनाच्या नूतनीकरणास सुमारे १९० कोटी. ही दोन्ही कामे २७ फेब्रुवारी २०२३ रोजी राष्ट्रास अर्पण झाली. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर दुसरीला स्टेशनात थांबून राहावे लागते. दुहेरी मार्गाने हा खोळंबा टळतो. लोंढ्याचा वळसा वाचविणारा बेळगाव-कित्तूर-धारवाड हा सुमारे ७३ किलोमीटरचा नवा मार्ग, बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, २०२० साली मंजूर झाला. त्यात निम्मा खर्च आणि जमीन कर्नाटक राज्याने द्यावी, असे ठरले. कोल्हापूर दरबाराचाच मार्ग हा, नव्या रूपात.

मग निपाणीचे काय? बेळगाव-कोल्हापूर थेट मार्गाची मागणी जुनी आहे. अशा मागणीस उत्तर मिळते ते हिशेबाचे: तिकिटांतून आणि मालभाड्यातून खर्च भरून निघेल काय? या हिशेबाची एक कथा ब्रिटनमध्येच घडली आहे. १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्टेशने तोट्याची ठरवून बंद करण्याची शिफारस केली. स्कॉटलंडच्या सीमाभागातील वेव्हर्ली मार्ग त्यातच गेला. जानेवारी १९६९ मध्ये न्यूकॅसलटन येथील गावकऱ्यांनी फाटकाशी जमून शेवटची गाडी अडवून धरली. तरी मार्ग बंद झालाच. पुढे अनेक वर्षे तेथील जनतेने पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एडिंबरोपासून ट्वीडबँकपर्यंतचा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग पुन्हा खुला झाला. पहिल्याच वर्षी त्यावर दहा लाखांहून अधिक प्रवास घडले. उखडलेला मार्ग पुन्हा घालणे हे राखण्यापेक्षा किती महाग, हे सांगणे नलगे.

तात्पर्य असे की, रेल्वेचा हिशेब केवळ तिकिटांच्या पैशात होत नाही. कॉलेजात वेळेवर पोहोचणारा विद्यार्थी, स्वस्त भाड्याने दूरच्या बाजारास जाणारा शेतमाल, महामार्गावरून कमी होणारे ट्रक, हेही जमेच्या बाजूस लिहिले पाहिजेत. त्याचबरोबर खर्चाच्या बाजूस केवळ रुपये लिहून भागणार नाही. धारवाड मार्गासाठी सुपीक जमीन जाते म्हणून नंदिहळ्ळी, गर्लगुंजी परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि पर्यायी मार्ग सुचविला. ज्याची काळी आई जाते, त्याचे म्हणणे हिशेबात धरणे हा न्याय होय. मागणी करणाऱ्या निपाणीकरांनीही हे विसरता कामा नये.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या भागाचा नकाशा घ्या. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर व बेळगाव ही ठिकाणे त्यावर जोडा आणि ती रेषा कोणत्या नद्या, कोणते डोंगर, कोणती शेते ओलांडते ते पाहा. मग बाजारपेठेत जाऊन विचारा: येथून माल कोठे जातो, किती जातो, भाडे काय पडते? या उत्तरांची वही भरली, की आपली मागणी नुसती मागणी राहणार नाही. तिला आधार येईल. रूळ कोठून न्यावयाचे हे पूर्वी लंडनमध्ये ठरत असे. आज ते आपल्याच प्रतिनिधींनी ठरवावयाचे आहे. म्हणून हिशेब मांडण्याची विद्या आपल्याला आली पाहिजे.