कार्थेज : एका विझलेल्या समईची हकीकत

(अभ्यासपाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : नहेम्या ८:१-८; प्रेषितांची कृत्ये २:५-११; १ करिंथ १४:६-१९; प्रकटीकरण २:१-७)

आपल्या मराठी शास्त्रात ज्या नगराचे नाव कोठेही आढळत नाही, अशा एका प्राचीन नगराचा इतिहास आज आपण पाहणार आहो. उत्तर आफ्रिकेत भूमध्य समुद्राच्या काठी, हल्लीच्या ट्यूनिस शहराला लागूनच, कार्थेज नावाचे नगर होते. एके काळी तेथे ख्रिस्ती मंडळी इतकी भरभराटीस आली होती की, तिच्या शिक्षकांचे ग्रंथ सर्व पश्चिमेकडील मंडळ्या वाचीत. आज त्या प्राचीन मंडळीचा वंश तेथे उरलेला नाही. पडक्या भिंती आणि फुटके खांब मात्र आहेत. असे का झाले, हा प्रश्न उपदेशकाने व मंडळीतील प्रत्येक सभासदाने विचारण्याजोगा आहे.

१. सोरेची कन्या

हे नगर शास्त्रात नसले तरी त्याचे मूळ घराणे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. सोरेच्या हीराम राजाने शलमोनाला मंदिरासाठी गंधसरूची लाकडे पाठविली, हे आपण वाचले आहे. त्याच सोरेच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी, परंपरेप्रमाणे इ. स. पूर्वी ८१४ ह्या वर्षी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ही वसाहत केली. त्यांच्या भाषेत कार्थेज ह्या नावाचा अर्थ 'नवे नगर' असा होतो. ती भाषा इब्री भाषेची सख्खी बहीण. म्हणून कार्थेजच्या मुख्य अधिकाऱ्यांस जे नाव होते तेच इब्री शास्त्रात गिदोन, शमशोन इत्यादी शास्त्यांस दिलेले आहे. त्यांचा देवही तोच बआल, ज्याच्या पूजकांशी एलीयाला झगडावे लागले. कार्थेजच्या एका पवित्र मानलेल्या आवारात तान्ह्या मुलांची जळलेली हाडे ठेवलेले मातीचे घट हजारोंनी सापडले आहेत. ती मुले बळी दिलेली होती की आजाराने मेलेली, ह्याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. पण प्राचीन ग्रंथकारांनी तेथे बालबळी दिले जात असे लिहून ठेविले आहे.

व्यापाराच्या जोरावर हे नगर फार धनवान झाले. त्याला दोन बंदरे होती, एक व्यापारी गलबतांसाठी आणि दुसरे वाटोळे, लढाऊ जहाजांसाठी. पुढे रोमशी त्याचे वैर जडले आणि तीन मोठी युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात कार्थेजचा सेनापती हानिबाल हत्तींसह आल्प्स पर्वत ओलांडून इ. स. पूर्वी २१८ मध्ये इटलीत उतरला व त्याने रोमला कित्येक वर्षे हैराण केले. तथापि शेवटी रोमचा जय झाला. तिसऱ्या युद्धात तीन वर्षे वेढा पडला असता नगरातील स्त्रियांनी यंत्रांना दोर व्हावे म्हणून आपले केस कापून दिले, असे इतिहासकार सांगतात. इ. स. पूर्वी १४६ मध्ये नगर पडले. रोमी सैनिकांनी ते जाळून जमीनदोस्त केले व जे जिवंत राहिले त्यांना गुलाम म्हणून विकले.

२. पुन्हा उभे राहिलेले नगर आणि त्यातील मंडळी

सुमारे शंभर वर्षांनी रोमी लोकांनीच तेथे नवी वसाहत केली. यूल्य कैसराने ती योजिली व औगुस्ताने सिद्धीस नेली. आसपासचा प्रदेश गव्हाचे कोठार होता, आणि रोमच्या लोकांची भाकर बहुतांशी कार्थेजच्या बंदरातून जात असे. सुमारे ८० मैल लांबीच्या बांधीव पाटाने डोंगरातील झऱ्याचे पाणी नगरात आणले होते. त्याच्या कमानी अद्यापि उभ्या आहेत.

ह्या नगरात सुवार्ता प्रथम कोणी आणली हे इतिहासात नमूद नाही. पण इ. स. १८० च्या जुलै महिन्यात स्किली नावाच्या लहानशा गावचे सात पुरुष व पाच स्त्रिया कार्थेज येथे रोमी सुभेदारापुढे उभ्या केल्या गेल्या. त्यांतील काहींची नावे रोमी नसून देशी वळणाची आहेत. त्यांच्याजवळ एक पेटी होती. तीत काय आहे असे सुभेदाराने विचारले, तेव्हा स्पेरातस नावाच्या पुरुषाने सांगितले की, तीत पुस्तके व पौलाची पत्रे आहेत. विचार करावयास तीस दिवसांची सवलत देऊ केली असता ती त्यांनी घेतली नाही, आणि त्याच दिवशी ते सर्व तरवारीने मारले गेले. वाचकहो, आफ्रिकेतील मंडळीविषयीचा अगदी पहिला लेख तो हाच. त्यात पहिल्यानेच आपल्याला दिसतात ती साधी माणसे व त्यांच्या हातांतील पौलाची पत्रे.

इ. स. २०३ च्या मार्च महिन्यात पर्पेतुआ नावाची सुमारे २२ वर्षांची कुलीन तरुणी, अंगावर पिणारे मूल असतानाही, प्रभूच्या नावासाठी कार्थेजच्या रंगणात मरण पावली. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची दासी होती. ती तुरुंगातच बाळंत झाली होती. धनीण व दासी हा भेद तेथे गळून पडला. पर्पेतुआने तुरुंगात स्वहस्ते लिहिलेली हकीकत आजपर्यंत राखली गेली आहे. ह्या मंडळीला शिकविणारा सातुरस नावाचा एक शिक्षक होता. त्याच्या शिष्यांना पकडले तेव्हा तो तेथे नव्हता. पण आपण ज्यांना शिकविले त्यांना एकटे सोडू नये, म्हणून तो आपण होऊन शिपायांच्या स्वाधीन झाला व त्यांच्यासह मेला. आपल्या उपदेशक बंधूंनी त्याचे नाव लक्षात ठेवावे.

ह्याच नगरात तर्तुलियन ह्याने लॅटिन भाषेत ख्रिस्ती ग्रंथरचनेचा पाया घातला. बिशप सिप्रियन ह्याच्या काळी भयंकर साथ आली, तेव्हा त्याने आपल्या लोकांना केवळ ख्रिस्ती आजाऱ्यांचीच नव्हे, तर छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा करण्यास लाविले. इ. स. २५८ च्या सप्टेंबरमध्ये त्याचाही शिरच्छेद झाला.

३. पुस्तकावरून पडलेली फूट

इ. स. ३०३ मध्ये बादशहा डायोक्लेशियन ह्याने ख्रिस्ती लोकांपासून शास्त्राच्या प्रती हिसकावून जाळण्याचा हुकूम केला. कित्येकांनी प्राण दिला पण पुस्तक दिले नाही. कित्येकांनी भीतीने दिले. छळ थांबल्यावर, ज्याने पुस्तक दिले त्याच्या हातची दीक्षा खरी की खोटी, असा वाद कार्थेजच्या नव्या बिशपाच्या नेमणुकीवरून उपस्थित झाला. एका पक्षाने दुसरा बिशप नेमिला. दोनातस ह्या त्यांच्या पुढाऱ्यावरून त्या पक्षाला दोनातस-पंथी म्हणू लागले.

मंडळी उभी दुभंगली. ज्या गावी एक उपासनामंदिर पुरले असते तेथे दोन झाली, दोन वेद्या, दोन बिशप. घरोघरी फूट पडली आणि हाणामाऱ्याही झाल्या. इ. स. ४११ मध्ये कार्थेज येथे मोठी सभा भरली, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप एकमेकांसमोर बसले होते! निकाल दोनातस-पंथाविरुद्ध झाला व सरकारने बळाने एकी घडवून आणण्याचा प्रयत्न केला. ऑगस्तीनासारख्या थोर पुरुषानेही त्या सक्तीला मान्यता दिली, हे कबूल केले पाहिजे. पण राजाच्या हुकुमाने दरवाजे एक होतात, अंतःकरणे होत नाहीत.

४. शेतकऱ्याची भाषा

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नगरातील शिकलेले लोक लॅटिन बोलत. उपासना, शास्त्र, सर्व काही लॅटिनमध्ये होते. परंतु खेड्यापाड्यांतील पुष्कळ लोक जुनी प्यूनिक भाषा, म्हणजे सोरेहून आलेली ती भाषा, अथवा त्या देशाची मूळची बर्बर भाषा बोलत. ऑगस्तीन हा कार्थेजच्या पश्चिमेस असलेल्या हिप्पो येथे बिशप होता. तो लिहितो की, तुम्ही कोण असे आमच्या शेतकऱ्यांना विचारले, तर ते आपल्या भाषेत आम्ही कनानी असे उत्तर देतात. हे वाचून त्याला आणि आपल्यालाही मत्तयाच्या १५ व्या अध्यायातील ती कनानी बाई आठवते, जिने मेजावरून पडणारा चुरा मागितला होता.

ह्या कनान्यांना किती भाकर मिळाली? प्यूनिक भाषेत काही गीते रचलेली होती व काही ठिकाणी त्या भाषेत उपदेशही होई. परंतु प्यूनिक अथवा बर्बर भाषेत शास्त्राचे भाषांतर झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. खेड्यातील माणूस नगरच्या भाषेतील शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून, अर्धेमुर्धे समजून ऐकत राहिला.

ह्याची खंत ऑगस्तीनाला होती. फुस्साला नावाच्या दूरच्या गावी लोकांची भाषा जाणणारा बिशप असावा म्हणून त्याने एक मनुष्य निवडला. पण ऐन दीक्षेच्या दिवशी तो मागे हटला. तेव्हा घाईने अन्तोनिनस नावाच्या तरुण वाचकाला पुढे केले. त्याला भाषा येत असेल, पण त्याचे शील कसोटीस लागलेले नव्हते. त्याने गरीब लोकांना लुबाडले. त्यांचे पैसे, कपडे, गुरेढोरे, घराचे दगडसुद्धा त्याने सोडले नाहीत. ऑगस्तीन इतका कष्टी झाला की आपले पद सोडण्यापर्यंत त्याच्या मनाची तयारी झाली. तेव्हा लोकांची भाषा जाणणारा सेवक पाहिजे हे खरे, आणि त्याचे वर्तन शुद्ध पाहिजे हेही तितकेच खरे.

येथे मन थबकते. ज्या मंडळीने पुस्तक शत्रूच्या हाती कोणी दिले आणि कोणी दिले नाही ह्यावर शंभर वर्षे कलह केला, तिने तेच पुस्तक शेतकऱ्याच्या हाती त्याच्या भाषेत ठेविले नाही.

५. समई विझली

इ. स. ४३० मध्ये व्हंडाल लोकांनी हिप्पोला वेढा घातला असता ऑगस्तीन मरण पावला. इ. स. ४३९ मध्ये त्यांनी कार्थेज घेतले. इ. स. ५३३ मध्ये पूर्वेच्या बादशहाने ते परत जिंकले, आणि इ. स. ६९८ मध्ये अरब सैन्याने ते घेऊन मोडून टाकले. जवळच ट्यूनिस वाढू लागले व कार्थेजचे दगड, खांब तिकडे गेले.

पण मंडळी एका दिवसात तरवारीने संपली असे कोणी समजू नये. ती हळूहळू, तेल सरलेल्या दिव्याप्रमाणे मंदावली. श्रीमंत व शिकलेले पुष्कळ लोक समुद्रापार निघून गेले. इ. स. १०५३ मध्ये सर्व आफ्रिकेत पाचच बिशप राहिल्याची नोंद आहे. इ. स. १०७६ मध्ये नवीन बिशपाला दीक्षा देण्यास लागणारे तीन बिशपही तेथे मिळेनात. जेथे पूर्वी साडेपाचशे भांडत होते, तेथे आता तीन प्रार्थना करावयास उरले नव्हते.

मिसर देशाकडे पाहा. तोही त्याच शतकात अरबांच्या सत्तेखाली गेला. तेथेही छळ व दारिद्र्य आले. परंतु तेथे शास्त्र पूर्वीच कॉप्टिक ह्या लोकभाषेत उतरले होते, व खेड्यांतील साध्या शेतकऱ्यांत ते रुजले होते. तेथील प्राचीन मंडळी आजही जिवंत आहे. दोन देशांच्या भवितव्यातील अंतराला हे एकच कारण होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. युद्धे, फूट, लोकांचे स्थलांतर, हीही कारणे आहेत. परंतु घर वाळूवर की खडकावर, हे पूर आल्यावरच कळते.

६. आपल्यासाठी बोध

कार्थेजच्या मंडळीला हुतात्मे होते, पंडित होते, मोठाली मंदिरे होती. आपल्यापाशी ह्यांतील फारसे काही नाही. पण जे तिच्या खेड्यांपाशी नव्हते ते आपल्यापाशी आहे. शास्त्र मराठीत आहे, आणि आपल्या घरात आहे. मात्र ते फडताळात बासनात बांधून ठेविले, तर मराठीत असून ते लॅटिनच होय. जी म्हातारी आई वाचू शकत नाही तिला कोणी वाचून दाखवील का? गुरे राखणाऱ्या पोराला एक स्तोत्र तरी तोंडपाठ आहे का? पाळकसाहेब दोन महिने आले नाहीत, तर रविवारी आपल्या गावी शास्त्र उघडले जाईल का? आणि जागेवरून, पंचांवरून, जुन्या जातीच्या अभिमानावरून आपण दोन वेद्या तर उभारीत नाही ना?

सन १९७९ पासून कार्थेजचे अवशेष जागतिक वारसा म्हणून जतन केले जात आहेत. दगड जतन करता येतात. मंडळीचे जतन मात्र घरोघर, आईच्या मांडीवर, रोजच्या बोलीत होत असते. स्किली गावच्या बारा जणांनी जी पेटी मरेपर्यंत सांभाळली, ती आपण उघडून ठेवू या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कार्थेजचा सोर नगराशी कोणता संबंध होता? सोरेविषयी शास्त्रात काय काय सांगितले आहे?
२. स्किली गावच्या लोकांजवळच्या पेटीत काय होते? तुमच्या घरी ते कितीदा उघडले जाते?
३. सातुरस ह्याने आपल्या शिष्यांसाठी काय केले? ते आजच्या उपदेशकास काय शिकविते?
४. नहेम्याच्या ८ व्या अध्यायात लोकांना शास्त्र समजावे म्हणून लेव्यांनी काय केले?
५. फुस्सालाच्या गोष्टीवरून सेवकाची निवड करताना कोणत्या दोन गोष्टी पाहाव्या?
६. तुमच्या मंडळीत वाचता न येणारे किती आहेत ते मोजा, व प्रत्येकाला वाचून दाखविणारा एक जण नेमा.