काडीचा आधार



आजच्या चिंतनाला इंग्रजीतला एक वाक्प्रचार घेतो : ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’. शब्दशः अर्थ, गवताच्या काड्या धरू पाहणे. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, ही गोष्ट थॉमस मोर यांनी १५३४ मध्ये लिहिली, तीही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना.

वापर असा. पीक पार वाळलं, तरी एखादा रोज नवं औषध आणून फवारतो. त्याला इंग्रजीत म्हणतील, ‘ही इज क्लचिंग ॲट स्ट्रॉज’. म्हणजे उपयोग शून्य, नुसती धडपड. आपणही म्हणतो, ‘बुडत्याला काडीचा आधार’. चित्र तेच, पण इंग्रजी वाक्य काठावरून बोललेलं वाटतं. मराठी म्हण बुडणाऱ्याच्या बाजूनं बघते. ती काडीला ‘आधार’ म्हणते.

आपल्या जवळा बाजारपासून औंढा नागनाथ जवळच. नामदेव महाराजांची कथा तिथलीच. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्यानं डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. ज्यांच्याशी पांडुरंग बोलायचा, त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. देवानंच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. जाऊन बघतात तर काय, शिवपिंडीवर पाय ठेवून एक म्हातारा झोपलेला! काठावरचा म्हणाला असता, याच्यापेक्षा काडी बरी. नामदेव रागावले, पण माघारी फिरले नाहीत. ‘देव नसेल तिथं माझे पाय ठेव,’ म्हातारा म्हणाला. पाय ठेवावेत तिथं पिंडी! तोच त्यांचा गुरू.

माउली, यातून मी दोन गोष्टी घेतो.

एक, काडी धरणाऱ्याला हसायचं नाही. नापिकीनं, कर्जानं घरातला कर्ता गप्प झाला, ‘आता काही राहिलं नाही’ म्हणाला, तर उपदेश नको. शेजारी बसा, ऐका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, रात्रंदिवस चालू असतो. तुम्हीच लावून द्या.

दोन, आपणच बुडत असू तर लाज नको. हात पुढं करायचा. देव कोणाच्या रूपात येईल, सांगता येत नाही.

पांडुरंगा, आज कोणाची तरी काडी होण्याची बुद्धी दे.

जय हरी!