रंग ठळक हवा, अक्षरही ठसठशीत!

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी मुलांसाठी बाहुलीनाट्याची कार्यशाळा सुरू करतो आहोत. बोधचिन्हात राणी, पिवळा, निळा असे गडद रंग आणि जाड मराठी अक्षरे हवी आहेत. ते भडक दिसेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रंग गडद असल्याने ओळख भडक होत नाही, सगळेच रंग सारख्या जोराने बोलू लागले, की होते. म्हणून एक रंग मुख्य ठेवा, दुसरा सोबतीला, तिसरा फक्त ठिपक्यापुरता. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे दिसतच नाहीत. गडद निळ्यावर तीच उठून दिसतात. पडद्यावरचा झगझगीत राणी रंग नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत मंदावतो. त्यामुळे रंग पक्का करण्याआधी नमुना छापून पाहा.

अक्षराची निवड अधिक जपून करा. देवनागरी फार जाड झाली, की अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. जोडाक्षरे आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट फलकावर देखणा दिसतो, पण बारीक मजकुरासाठी तो नाही. नावासाठी त्यांचाच गुबगुबीत ‘बालू’ आणि माहितीसाठी सात वजनांचा (म्हणजे अक्षरजाडीच्या सात प्रकारांचा) ‘मुक्त’ ही जोडी शोभेल. हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यवसायासाठीही विनामूल्य.

शेवटी बोधचिन्ह काळ्या-पांढऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढे छापा. तेव्हाही नाव वाचता आले, तर निर्धास्तपणे रंग भरा.